वाचक विचारतात : समुद्र आठशे किलोमीटर, मग आपल्याले काय त्याचं?

मागच्या अंकात डीएपीच्या टंचाईवर लिहिताना मी एक वाक्य सहज टाकून दिलं होतं, की आपल्या बांधावरची खताची बॅग आधी समुद्र पाहून आलेली असते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं अन् व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादक म्हणाले, यावेळचं पान बंदरालाच देऊन टाका. आता मी काही तज्ज्ञ नाही. उरणला एका क्लिअरिंग एजंटकडं बावीस वर्षं कागदं फिरवली, न्हावाशेवा बंदराच्या गेटवर रात्री काढल्या, अन् आता वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात सोयाबीन पेरतो, एवढीच आपली डिग्री. पत्रं थोडी छाटली आहेत, भाषा ज्याची त्याची ठेवली.

भाऊ, टीव्हीवर सारखं वाढवण बंदर, वाढवण बंदर चालू हाये. ७६ हजार कोटी म्हणतेत. आमच्या गावाच्या रस्त्याले धड डांबर नाही. त्या बंदरानं माह्या कापसाले एक रुपया तरी जास्त भेटन काय? खरं सांगजा, गोलगोल नको.
– एक शेतकरी, ता. दिग्रस

गोलगोल नाही सांगत. तुमच्या कापसाची गाठ देशातल्याच गिरणीला विकली जात असेल तर बंदरानं एक रुपयाही जास्त भेटत नाही. पण बंदरामुळं रुपया कमी मात्र होऊ शकतो, अन् खताच्या बाबतीत थोडा सुखाचा भागही आहे, म्हणून जरा लांबून येतो, कंटाळू नका.

आधी वाढवण. हे पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ. जून २०२४ मधे केंद्रानं मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी भूमिपूजन केलं. खर्च ७६,२२० कोटी, त्यात ७४ टक्के वाटा न्हावाशेवा चालवणाऱ्या जेएनपीएचा अन् २६ टक्के आपल्या राज्याच्या मेरीटाइम बोर्डाचा. तिथंच काहून, तर किनाऱ्याजवळच वीसेक मीटर खोल पाणी भेटते. आजकालची मोठी कंटेनर जहाजं एवढी खोल बसतात की उथळ बंदरात येतच नाहीत, मग आपला माल छोट्या जहाजानं कोलंबो नाहीतर सिंगापूरला जाते अन् तिथून मोठ्या जहाजात चढते, म्हणजे आपल्या घरच्या पाहुण्याला शेजाऱ्याच्या अंगणातून गाडीत बसवायचं अन् शेजाऱ्याला त्याचे पैसे द्यायचे. केरळात विळिंजम याच्यासाठीच झालं, मे २०२५ मधे त्याचं उद्घाटन झालं. हे सगळं परदेशी मालाचं.

आता देशातल्या देशात, एका भारतीय बंदरातून दुसऱ्या भारतीय बंदरात माल नेणं, त्याला किनारी वाहतूक म्हणतात, अन् तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. हिशेब साधारण असा मांडतात, की एक टन माल एक किलोमीटर न्यायला रस्त्यानं अडीच रुपयाच्या आसपास, रेल्वेनं दीडच्या आत, अन् पाण्यानं रुपयाच्या आसपास लागते. ऐकायला मस्त वाटते. गुजरातचा कापूस मुंद्रा-पिपावाववरून जहाजात बसून तुतिकोरिनला जातो, तिथून कोइंबतूर-तिरुपूरकडच्या गिरण्यांत. मोरबीच्या टाइल्सही अशाच कोचीला जातात. मग आपल्या जिनिंगवाल्यानं काहून नाही असं करावं?

नकाशा घ्या हातात. सौराष्ट्रातल्या जिनिंगपासून बंदर शे-दोनशे किलोमीटरवर. यवतमाळहून कोइंबतूर ट्रकनं तेराशे-चौदाशे किलोमीटर, अन् न्हावाशेवा सातशेच्या घरात. म्हणजे जहाजात चढवायसाठीच अर्धा रस्ता उलट्या दिशेला जायचं, मग सगळा दक्षिण भारत समुद्रातून वळसा घालायचा, अन् पुन्हा तुतिकोरिनहून ट्रक. त्यात चढव-उतार किती वेळा होते ते मोजा, जिनिंगमधून गाडीत, गाडीतून यार्डात, यार्डातून जहाजात, जहाजातून पुन्हा यार्डात, तिथून गाडीत, गाडीतून गिरणीत. दर वेळी कोणीतरी पैसे घेते. २५ टनाच्या गाडीत १७० किलोच्या दीडशेक गाठी बसतात अन् ती गाडी चार-पाच दिवसात थेट गिरणीच्या दारात उभी राहते, त्याच्यापुढं जहाज आपल्या भागासाठी हरते. पाणी स्वस्त आहे, पाण्यापर्यंत पोचणं महाग आहे.

आता रुपया कमी होण्याचं. त्याच तुतिकोरिनच्या बंदरात बाहेरचा कापूस उतरतो, गिरणीच्या अगदी तोंडाशी. त्याच्यावर ११ टक्के आयात शुल्क होतं, ते १९ ऑगस्ट २०२५ पासून काढलं, आधी सप्टेंबरअखेर म्हटले अन् मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं, म्हणजे बरोबर आपला पहिला-दुसरा वेचा घरात यायच्या टायमाला. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० अन् लांब धाग्याला ८,११० होता, पण गिरणीवाल्याजवळ बाहेरची स्वस्त गाठ असली तर खाजगी व्यापारी त्या भावाच्या जवळ तरी येईन काय? मग सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, लाइनीत लागा. सोयाबीनचंही तसंच, देशात लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येते, कांडल्याला पाम तेलाचे टँकर उतरतात अन् भाव आपल्या मोंढ्यात पडते. तर समुद्र दूर आहे हे विसरा, तो तुमच्या बाजार समितीच्या काट्यावर येऊन बसलेला आहे.

खताचं आता. पोटॅश सगळंच्या सगळं बाहेरून येते, डीएपीचाही मोठा भाग बाहेरूनच. समजा ५० हजार टनाचं जहाज लागलं. खत मोकळंच येते, बंदरावर पोत्यात भरतात अन् रेल्वेच्या रेकमधे, म्हणजे अख्ख्या मालगाडीत, टाकतात. एका रेकमधे साधारण २,६०० टन, म्हणजे ५० किलोच्या ५२ हजार बॅगा. एक जहाज उतरवायला एकोणीस-वीस रेक लागतात. आता मागच्या वर्षी मी आमच्या जवळच्या रेक पॉइंटवर पाहिलेलं सांगतो. रेक लागली संध्याकाळी, आभाळ भरून आलेलं, हमाल कमी कारण सोंगणी चालू, अन् रेल्वेचं डेमरेज, म्हणजे डबे अडवून ठेवल्याचा दंड, तासावर चढत राहते, त्यामुळं डबे रिकामे करायची घाई. बॅगा फलाटावर थप्पी लावून ठेवल्या, ताडपत्री अर्ध्याच थप्पीला पुरली. रात्री पाणी आलं. सकाळी खालच्या बॅगा दगड झालेल्या. त्या बॅगेनं हजारो किलोमीटर समुद्र कोरडा पार केला अन् शेवटच्या चाळीस फुटात भिजली! बरं, तुमच्यासाठी डीएपी १,३५० चीच, वरचं भाडं अनुदानातून जाते, २०१९ पासून तर किनारी जहाजानं खत नेलं तरी सरकार भाडं देते. पण रेक उशिरा लागली की दुकानदार लिंकिंग करतो, डीएपी पाहिजे तर ही बाटली घ्या, ती पुडी घ्या. माझ्याही गळ्यात एक मारली होती, अजून गोठ्यात पडली आहे.

म्हणून माझं मत विचाराल तर दिग्रसच्या माणसानं बंदर कुठं होऊन राहिलं याच्यापेक्षा वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे कुठवर आली याच्यावर आमदाराला धरावं. वर्धा ते कळंब फेब्रुवारी २०२४ मधे सुरू झाली, लाइन २८४ किलोमीटरची आहे, अजून बरीच बाकी. ती झाली अन् तिच्यावर पत्र्याचं छत असलेला मालधक्का झाला तर तुमच्या खताला अन् गाठीला दोघांनाही फरक पडते. हे काही नवीन नाही. रेल्वे यायच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरला जायचा, तिथं गंगेत नावेवर चढून कलकत्त्याला. म्हणजे आपलं बंदर एकेकाळी मिर्झापूर होतं, पटते का? १८६७ ला नागपूरपर्यंत रेल्वे आली अन् वऱ्हाडाचं तोंड कलकत्त्याकडून मुंबईकडं फिरलं. समुद्र होता तिथंच होता, बदलला तो रूळ.

काका, अकोल्याच्या अलीकडं हायवेला राहतो, दोन बारा चाकी गाड्या आहेत, एकीचे हप्ते चालू. आता म्हणतात माल जहाजानं जाईल, मालगाडीचा वेगळा ट्रॅक झाला. तिसरी गाडी घेऊ का नको?
– एक ट्रकमालक, जि. अकोला

बेटा, घाबरून जाऊ नको, पण तिसरी गाडी घेताना एकदा थांबून विचार कर. देशातला माल आजही साधारण सत्तर टक्के रस्त्यानंच जाते, रेल्वे त्याच्या खूप मागं, अन् किनारी जहाज अन् नद्या मिळून पाच-सहा टक्क्यांच्या आसपास. हा आकडा उद्या दुप्पट झाला तरी तुझ्या गाड्या उभ्या राहत नाहीत. सरकार जोर लावून राहिलं हे खरं, २०१५ पासून बंदरांसाठीची सागरमाला योजना चालू आहे, २०१८ ला परदेशी जहाजांना काही माल आपल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेण्याची सूट दिली, अन् ऑगस्ट २०२५ मधे किनारी जहाजवाहतुकीचा वेगळा कायदाच केला. आधी हे सगळं १९५८ च्या कायद्याच्या एका भागात कोंबलेलं होतं, आपल्या झेंड्याच्या जहाजालाही लायसन लागायचं. ते आता काढलं, परदेशी जहाजाला मात्र लागते.

जाते काय तर लांबचा, जड अन् घाई नसलेला माल. कोळसा, सिमेंट, खत, टाइल्स, मीठ. ओडिशातल्या तालचेरचा कोळसा रेल्वेनं पारादीपला, तिथून जहाजानं तामिळनाडूच्या वीजघरांना, हे कित्येक वर्षं चालू आहे, अन् अशाच मालाला जहाज परवडते. दुसरीकडून वेस्टर्न फ्रेट कॉरिडॉर, म्हणजे तू म्हणतो तो मालगाडीचा वेगळा ट्रॅक, दादरी ते न्हावाशेवा १,५०६ किलोमीटर, डब्यावर डबा ठेवून कंटेनर चालतात. तू म्हणशील अकोल्याचा याच्याशी काय संबंध, तर संबंध असा की हजार-बाराशे किलोमीटरच्या ट्रिपा हळूहळू कमी होतील अन् दीडशे-दोनशेच्या वाढतील, जिनिंग ते कंटेनर डेपो, रेक पॉइंट ते कृषी केंद्र, कारखाना ते ड्रायपोर्ट. आमच्याकडं सिंदी रेल्वेला ड्रायपोर्ट होऊन राहिला, कस्टमचा कागद तिथंच अन् डबा सीलबंद रेल्वेनं थेट बंदरात, असा बेत आहे. बेत म्हणतो, कारण मी बोर्ड पाहतो तेव्हापासून माझे केस पांढरे झाले.

छोट्या ट्रिपेत ड्रायव्हर रात्री घरी येते, टायर कमी झिजतात, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, छोट्या ट्रिपेत कमाई फेऱ्यांवर असते अन् फेरी मारते ती गेटवरची लाइन. न्हावाशेवाला मी गाड्या दोन-दोन दिवस उभ्या पाहिल्या, नागपूरचा एक ड्रायव्हर तर गेटसमोर स्टोव्हवर भरीत-भाकर करून सगळ्या लाइनीला वाढायचा. गाडी उभी म्हणजे हप्ता उभा. म्हणून घ्यायचीच असेल तर आधी कोणत्या तरी डेपोवाल्याशी नाहीतर कारखान्याशी वर्षाचं बोलणं कर, महिन्याला इतक्या फेऱ्या, अन् गाडी थांबली तर थांबल्याचे पैसे, कागदावर. नाही मानला तर दोनच ठेव.

आमचा संत्रा बांगलादेशात जायचा, आता बंद पडल्यासारखाच. ट्रकऐवजी जहाजानं पाठवला तर परवडेल का?
– संत्रा उत्पादक, ता. वरुड

नाही. अडचण गाडीभाड्याची नाहीच, बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत वाढवत २०२३ ला किलोमागं ८८ रुपयांवर नेलं, जहाज फुकट दिलं तरी शुल्क भरावंच लागेल. अन् नागपुरी संत्र्याची साल ढिली, दाबला की गेला, त्याला थंड कंटेनर पाहिजे, प्रतवारी अन् वॅक्स करणारं युनिट पाहिजे, मगच पंधरा-वीस दिवस समुद्रावर टिकते. ते धरून आखाती देशांचा विचार होऊ शकते, पण एकट्या शेतकऱ्यानं नाही, पाच-पंचवीस जणांची उत्पादक कंपनी करून एक अख्खा डबा भरता आला तरच. अर्ध्या डब्याचंही भाडं पुऱ्याचंच लागते.

तुम्ही बंदराचं कौतुक करता, पण वाढवणच्या मच्छीमारांचं काय? आम्ही गोसीखुर्द धरणवाले आहोत, आम्हाला विचारा विकास काय असतो.
– एक निवृत्त शिक्षक, ता. पवनी

गुरुजी, बरोबर टोचलं. वाढवणला समुद्रात चौदाशे हेक्टरच्या वर भराव होणार, अन् तिथल्या कोळी बांधवांचा विरोध आजचा नाही, कित्येक वर्षांचा आहे. जिथं भराव तिथंच त्यांची मासेमारी, त्यांचं वावरच ते, फरक एवढाच की त्याचा सातबारा नाही. आपल्या गोसीखुर्दात ज्याची जमीन बुडाली त्याच्याजवळ निदान कागद तरी होता, अन् तरी काय झालं ते तुम्ही पाहिलं, १९८८ ला भूमिपूजन, तेव्हा खर्च ३७२ कोटी, मग तो कुठल्या कुठं गेला, अन् पुनर्वसनाच्या गावात नळाला पाणी नाही म्हणून मोर्चे. ज्याच्याजवळ कागदच नाही त्या मच्छीमाराची भरपाई कशी मोजणार, किती वर्षांची, बायका सुकटाचा धंदा करतात तो मोजणार की नाही, हे आधी ठरलं पाहिजे होतं. मी बंदराच्या विरोधात नाही, माझं घर बंदरावर चाललं. पण न्हावाशेवा १९८९ ला सुरू झालं अन् तिथल्या जमीन गेलेल्या लोकांचे, जमिनीच्या बदल्यात भेटायच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठीचे हेलपाटे मी नोकरी सोडली तरी चालूच होते. माझ्यासोबत डब्बा खाणारा एक जण त्यातलाच होता, सुट्टीच्या दिवशी फाइल घेऊन निघायचा.

अन् आणखी एक, आपल्याकडचं कोणी म्हणते की वाढवण झालं की समृद्धीनं आपला माल सरळ बंदरात. रस्ता होणार आहे, वाढवणपासून इगतपुरीजवळ भरवीरला समृद्धीला जोडणारा १०४ किलोमीटरचा, राज्यानं मंजुरी दिली. पण पवनी-गोंदियाच्या धानाला तो उपयोगाचा नाही. गोंदियाकडचा तांदूळ पूर्वेला जाते, काकिनाड्याच्या बंदराला, अन् रायपूर-विशाखापट्टणम हा ४६४ किलोमीटरचा नवीन रस्ता झाला की ती बाजू आणखी जवळ येईल. विदर्भाला दोन समुद्र आहेत, पण मुंबईत बसून नकाशा पाहणाऱ्याला एकच दिसते.

वैनगंगेतून बोटीनं माल नेता येईल का हो? कुठंतरी वाचलं.
– विद्यार्थिनी, देसाईगंज

वाचलं ते खरं. २०१६ च्या कायद्यात १११ राष्ट्रीय जलमार्गांची यादी आहे, तिच्यात वैनगंगा-प्राणहिता अन् वर्धा-पैनगंगा दोन्ही आहेत. आता मे महिन्यात एकदा पुलावरून खाली पाहा. म्हशी उभ्या दिसल्या तर त्यांचे गुडघे मोजा.

काका, बारावी झाली, सायन्स नव्हतं. वर्ध्यात एका एजंटनं सांगितलं मर्चंट नेव्हीत लावून देतो, साडेचार लाख, सहा महिन्यात जहाजावर, महिन्याला साठ हजार. बाबा दोन एकर गहाण ठेवायला तयार आहेत. लवकर सांगा, पुढच्या सोमवारी पैसे द्यायचे आहेत.
– (नाव-गाव नको म्हणाला)

हे पत्र आलं त्या रात्रीच मी फोन केला, पण बाकीच्यांसाठी इथं लिहितो, कारण असे फोन महिन्याला तीन-चार येतात.

सोमवारी पैसे देऊ नको. नोकरी खोटी नाही, जगभरच्या जहाजांवर आपली पोरं लाखांनी आहेत अन् किनारी जहाजं वाढली तर घराजवळच्या नोकऱ्याही वाढतील. रस्ता मात्र ठरलेला आहे. दहावी पास पोराला जीपी रेटिंग नावाचा सहा महिन्यांचा निवासी कोर्स असते, वय साडेसतरा ते पंचवीस, दहावीत अन् इंग्रजीत किमान मार्क लागतात. डोळे तपासतात, रंग ओळखता आले नाही तर तिथंच गाडी अडते, म्हणून पैसे भरायच्या आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, बाकी सगळं नंतर. ऑफिसर व्हायचं असेल तर बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित अन् इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा, ते तुझ्याकडं नाही, जाऊ दे.

संस्था कोणतीही असो, मुंबईच्या डीजी शिपिंगची मान्यता पाहिजे, यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे, गावातल्या सेतूवाल्याकडून काढून घे. कोर्सला इंडोस नंबर, म्हणजे खलाशाचा सरकारी नोंदणी नंबर, लागते, मग सीडीसी निघते, म्हणजे खलाशाचं पासबुक समज. एजंट म्हणत असेल की सीडीसी आम्ही दुसऱ्या देशाची काढून देतो, लवकर होते, तर उठून बाहेर ये. अन् जहाजावर लावून द्यायचे पैसे घेणं हाच गुन्हा आहे, कोर्सची फी वेगळी, तिची पावती मिळते, पण नोकरीचे पैसे कंपनीनं एजंटला द्यायचे, पोरानं नाही. माझ्या साडूच्या पोरानं तीन लाख दिले होते. त्याला आखातात एका गंजलेल्या बार्जवर चढवलं, करार नाही, सात महिने पगार नाही, एकाच ड्रममधलं पाणी पिऊन राहिला, पासपोर्ट कप्तानाजवळ. घरी आला तेव्हा त्याच्या आईनं दारातच ओळखला नाही. तो एजंट अजून ऑफिस थाटून आहे, फक्त बोर्ड बदलला.

तू एवढंच कर. त्या माणसाला फोन लाव, म्हण की काका, तुमचा आरपीएसएल नंबर सांगा, खलाशी भरायचं सरकारी लायसन असते त्याचा, बाबांना वेबसाइटवर पाहायचा आहे. अन् आता तो दुसऱ्यांदा फोन उचलते का ते पाय.